बोटीनं जा, सायकलनं परत या: लॉक कॅट्रिनचा आमचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. ग्लासगो किंवा एडिंबराकडे राहताय, आईबाबा भारतातून आलेत, पोरगं दहाएक वर्षांचं आहे आणि गाड्यांची कटकट नसलेल्या रस्त्यावर सगळ्यांना घेऊन एक दिवस सायकल चालवायचीय, तर लॉक कॅट्रिनला जा. सकाळच्या बोटीत सायकली चढवून पलीकडच्या टोकाला उतरा आणि तिथून सायकलनं परत या. उलटं करू नका, का ते पुढे येईलच. आणि कुणी "अरे एकदम फ्लॅट रस्ता आहे, डोळे मिटून जा" असं म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मला असं सांगणारा एक मित्र आहे, त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

लॉक म्हणजे इकडे तळं. (बाबांना पहिले दोन दिवस वाटत होतं की मी कुठल्यातरी कुलपाबद्दल बोलतोय.) ग्लासगोहून साधारण सव्वा तासाचा ड्राइव्ह, ॲबरफॉइल गावापर्यंत रस्ता सरळसोट आणि पुढे ड्यूक्स पास नावाचा छोटासा घाट लागतो. छोटासा म्हणजे ताम्हिणीच्या मानानं काहीच नाही पण वळणं एकामागोमाग एक आहेत, आमच्या कन्येला तिसऱ्या वळणालाच मळमळायला लागलं, मग बाबांनी खिशातून आवळा सुपारीची पुडी काढली. माणूस सात हजार किलोमीटर लांब येतो आणि खिशात आवळा सुपारी असते, असो. घाट उतरला की ट्रॉसॅक्स पिअर, म्हणजे बोटीचा धक्का. पार्किंगला पैसे पडतात आणि जूनच्या शनिवारी दहानंतर गेलात तर जागा शोधत फिरावं लागेल, आम्ही साडेनऊला पोचलो होतो म्हणून निभावलं.

आता मुद्द्याचं. तळं साधारण १३ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या उत्तरेच्या काठानं जो रस्ता जातो तो धक्क्यापासून पलीकडच्या स्ट्रॉनाक्लाकर या ठिकाणापर्यंत १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर. पूर्ण डांबरी. हा रस्ता स्कॉटिश वॉटर या पाणीपुरवठा खात्याचा खाजगी रस्ता आहे, बाहेरच्या गाड्यांना बंदी, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा. तिथं राहणारी चार घरं आहेत, त्यांच्या गाड्या आणि पाणीखात्याचा एखादा पिकअप, बस. आम्ही चार तास रस्त्यावर होतो (हो, चार, हसू नका) आणि मी मोजल्या, तीन गाड्या. तिन्ही आम्हाला बघून बाजूला थांबल्या आणि आतल्या माणसानं हात केला. पुण्यात सिंहगड रोडला आयुष्य काढलेल्या माणसाला यावर काय बोलावं ते सुचत नाही.

रस्ता असा मोकळा का, तर हे तळं म्हणजे ग्लासगोचं पिण्याचं पाणी. १८३२ आणि मग १८४८-४९ ला ग्लासगोत कॉलऱ्यानं माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा शहरानं ठरवलं की नदीचं पाणी बास झालं, डोंगरातून स्वच्छ पाणी आणायचं. बेटमन नावाच्या इंजिनिअरनं बांध घालून तळ्याची पातळी वाढवली आणि शहराच्या उशाशी असलेल्या साठवण तलावापर्यंत २६ मैलांचा पाट काढला, बोगदे, पूल सगळं, आणि कुठे पंप नाही, नुसत्या उतारानं पाणी जातं. उतार किती, तर मैलाला जेमतेम दहा इंच. १८५९ ला व्हिक्टोरिया राणी स्वतः येऊन उद्घाटन करून गेली. बाबा रिटायर्ड माणूस, खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत आयुष्य गेलेलं, त्यांना हे दहा इंचाचं प्रकरण इतकं आवडलं की दिवसभरात तीनदा तरी म्हणाले, "दहा इंच रे, लेव्हल काढायला काय होतं त्यांच्याकडे?"

गंमत म्हणजे आपल्या मुंबईचा विहार तलावही त्याच सुमाराचा, १८६० चा. तोही पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलेला, तोही जंगलात, पण तिथं सायकल घेऊन जायचा विचार करून बघा, गेटवरच अडवतील. इथं मात्र त्याच पिण्याच्या पाण्याच्या कारणावरून गाड्या बंद ठेवल्या आणि माणसं आत येऊ दिली. आणि एक घरगुती पुरावा देतो, ग्लासगोच्या नळाचं पाणी इतकं हलकं आहे की तूरडाळ दोन शिट्ट्यांत मेण होते. पुण्यात आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्यावर सहा शिट्ट्या करून पण डाळ टुकटुक बघत बसायची. आई इथं आली की पहिल्या दिवशी दर वेळी म्हणते, पाणी चांगलंय हो तुमच्याकडे. ते पाणी हे.

आता सायकलींबद्दल. इथं मी शहाणपणा केला. धक्क्यावरच सायकली भाड्यानं मिळतात, साध्या पण आणि इलेक्ट्रिक पण, पण मी म्हटलं आपण ग्लासगोतूनच घेऊन जाऊ, स्वस्त पडेल. एका दुकानातून (नाव घेत नाही) मला आणि बायकोला दोन सायकली घेतल्या, मुलीची तिची स्वतःची होती, आणि तिन्ही गाडीच्या मागच्या रॅकवर लादल्या. त्यातल्या माझ्या सायकलीची चेन मोठ्या गिअरवरून छोट्यावर टाकली की उतरायची. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तर चढाच्या मधोमध, मी पॅडलवर उभा, आणि पॅडल एकदम रिकामं फिरलं आणि नडगी लोखंडावर. हात काळे, नडगीवर टेंगूळ, आणि कन्या विचारते, "बाबा, तू रडतोयस का?" वाचवले किती, तर मॉलमध्ये चौघांची कॉफी येईल एवढे. तुम्ही असलं करू नका. जिथं चालवायचीय तिथंच घ्या म्हणजे काही झालं तर निदान परत नेऊन द्यायला माणूस समोर असतो.

बाबांसाठी मात्र धक्क्यावरूनच इलेक्ट्रिक सायकल घेतली आणि तो अनुभव चांगला. तिथल्या पोरानं बाबांची उंची विचारली नाही, सरळ त्यांना शेजारी उभं केलं, सीट कमरेच्या हाडाला लावून बघितली, मग बसवून टाच पॅडलवर ठेवायला लावली आणि पाय सरळ होतोय का ते बघून सीट आणखी बोटभर वर घेतली. ब्रेक दोन्ही दाबून दाखवले, कुठला पुढचा कुठला मागचा, आणि पार्किंगमध्ये दोन चकरा मारायला लावल्या. हेल्मेट भाड्यातच होतं. बाबांचा सुरुवातीला फुल विरोध. "मोटर लावलेली सायकल म्हणजे लुनाच की. लुना घेऊन फिरायला मी स्कॉटलंडला आलोय का?" खडकीपर्यंत रोज ॲटलसवर जाणारा माणूस, कॅरिअरला डबा, त्यांना हा अपमान वाटला. मी म्हटलं बाबा, तुम्ही मोटर बंद ठेवा, लागली तर चालू करा. त्यांनी पहिल्या चढालाच चालू केली आणि मग संध्याकाळपर्यंत बंद केली नाही.

बोटीचं बुकिंग आधी ऑनलाइन करा आणि सायकलींची जागा वेगळी बुक करायची असते हे विसरू नका, बोटीवर सायकलींना मर्यादा आहे. आमची बोट होती सर वॉल्टर स्कॉट, वाफेची, १८९९ ची. या बोटीची गोष्ट भारी आहे. बांधली डंबार्टनला, मग तुकडे करून तराफ्यांवरून लॉक लोमंडमधून आणली, तिथून पुढे घोडागाड्यांवर घालून डोंगर ओलांडून या तळ्यावर, आणि इथं परत जोडली. शंभरेक वर्षं कोळशावर चालली, २००७ पासून जैविक इंधनावर, कारण खाली पिण्याचं पाणी. २०२० ला बॉयलरला तडे गेले म्हणून बंद पडली होती, लोकांनी वर्गणी काढून दुरुस्त केली आणि २०२३ ला परत पाण्यावर आली. इंजिन वरून वाकून बघता येतं, पितळ आणि पोलाद, तेलानं चकाकतंय, दट्टे वर खाली होतायत आणि आवाज जवळजवळ नाहीच. बाबा तिथून हलले नाहीत. बाहेर बेन व्हेन्यूचा डोंगर, बेट, धुकं, सगळं चाललंय आणि हे रेलिंगला पोट टेकवून खाली बघत उभे. तासाभराचा प्रवास आहे, त्यातला पाऊण तास ते तिथंच.

मधे बोटीवर माहिती सांगत असतात, त्यातलं एक लक्षात राहिलं. दक्षिण काठावर एक घर दिसतं, रॉयल कॉटेज, उद्घाटनाला आलेल्या राणीला राहायला म्हणून बांधलेलं. तिच्या सन्मानाला तोफा डागल्या तर त्या दणक्यानं घराच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि राणी तिथं राहिलीच नाही, असं सांगतात. सरकारी कार्यक्रम सगळीकडे सारखेच.

ज्याच्या नावानं बोट आहे त्या स्कॉटनं १८१० ला या तळ्यावर एक मोठं काव्य लिहिलं आणि ते इतकं गाजलं की लोक वाचून बघायला यायला लागले, इथलं पर्यटन तिथून सुरू झालं म्हणे.

स्ट्रॉनाक्लाकरला उतरलं की धक्क्याला लागूनच चहाचं छोटं हॉटेल आहे. इथं खाऊन घ्या आणि टॉयलेटला जाऊन या, हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. कारण पुढचे २१ किलोमीटर काही नाही. टपरी नाही, नळ नाही, टॉयलेट नाही, मोबाइलला रेंज पण जवळजवळ नाही. आम्ही स्कोन आणि चहा घेतला आणि वर बायकोनं डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. समोर पाण्यात एक छोटं बेट दिसतं, तिथं रॉब रॉय मॅकग्रेगरनं ड्यूक ऑफ माँट्रोजच्या वसुली कारभाऱ्याला डांबून ठेवलं होतं. रॉब रॉय इथलाच, तळ्याच्या वरच्या टोकाला ग्लेनगाइलला १६७१ ला जन्मला. धंदा गुरांचा. आणि जोडधंदा असा की लोकांनी पैसे दिले तर त्यांची गुरं सांभाळायची, नाही दिले तर गुरं जायची. मी हे सांगितल्यावर बाबा पुरी चघळत म्हणाले, "म्हणजे चौथाईच की." बरोबर आहे.

आता राइड. स्ट्रॉनाक्लाकरहून ग्लेनगाइलपर्यंत तळ्याच्या टोकाला वळसा घालून रस्ता जातो, इथं झाडी कमी, डोंगर उघडे, आणि सगळीकडून पाणी वाहत येतंय, आपल्याकडे ऑगस्टमध्ये माळशेजला असतं तसं, फक्त इथं प्लास्टिकच्या पिशव्या आणि स्पीकर नाहीत. मधे मधे रस्त्यात लोखंडी पट्ट्यांच्या जाळ्या येतात, गुरं ओलांडून जाऊ नयेत म्हणून. ओल्या असल्या तर त्यावर ब्रेक मारायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, सरळ खडखडत पार व्हायचं. मुलीला हे एकदा सांगितलं तर तिला तोच खेळ सापडला, प्रत्येक जाळीवर तोंडानं "आआआ" करत जायचं म्हणजे आवाज थरथरतो. पाचव्या जाळीपासून बायको पण करायला लागली.

ग्लेनगाइलचं घर पांढरं, आता खाजगी आहे, लांबूनच बघायचं. त्याच्या पुढे पोर्टनेलन येतं आणि तिथं जे आहे ते मला या सगळ्या दिवसात सगळ्यात जास्त आवडलं. काठापासून पाण्यात एक दगडी बांध गेलाय आणि त्याच्या टोकाला चारी बाजूंनी भिंत घातलेली छोटी दफनभूमी, मॅकग्रेगर घराण्याची. ग्लासगोसाठी पाणी चढवलं तेव्हा ही थडगी बुडाली असती, म्हणून ती उंच करून बांध घातला. आम्ही सायकली गवतात आडव्या टाकल्या आणि बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना पाणी, शेवाळलेले दगड, अक्षरं अर्धी पुसलेली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या पानशेतला कुणी मेलेल्यांचा एवढा विचार केला असेल का रे." मी काही बोललो नाही, त्यांच्या मामाचं गाव त्या पाण्याखाली आहे.

यानंतर चढउतार सुरू होतात. एक मोठा घाट असं नाही, छोटे छोटे, पण एकामागून एक, उतारावर जो वेग मिळतो तो पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंत पुरतो आणि मग उतरून ढकलायची. रोज सायकल चालवणाऱ्याला हे किरकोळ वाटेल, रोज खुर्चीत बसणाऱ्याला नाही. अशाच एका चढावर मी काळ्या हातांनी सायकल ढकलत होतो, मागून घर्रर्र आवाज आला आणि ६७ वर्षांचे बाबा ताठ पाठीनं माझ्या शेजारून वर गेले. जाता जाता म्हणाले, "डबलसीट घेऊ का?" एवढ्यासाठी मी स्टुडंट लोन फेडलं.

म्हणून बोटीनं जा सायकलनं या. एकतर इथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून असतो, म्हणजे येताना तो पाठीवर मिळतो. दुसरं, बोट कुणासाठी थांबत नाही. सायकलनं जाऊन बोटीनं यायचं ठरवलं आणि मधे चेन उतरली, पोरगं दमलं, पाऊस आला, तर शेवटची बोट डोळ्यांदेखत सुटणार आणि तुम्ही २१ किलोमीटर परत. आमच्यासारखं बोटीनं गेलं की येताना कितीही रमतगमत या, फक्त भाड्याची सायकल दुकान बंद व्हायच्या आत पोचली पाहिजे. आणि तिसरं, धक्क्याजवळचा शेवटचा टप्पा सगळ्यात सोपा आहे, जवळजवळ सपाट, पाण्याच्या अगदी कडेनं, दोन्ही बाजूंना ओक आणि बर्चची झाडी. दमलेल्या पायांना तेच पाहिजे असतं. या झाडीत उजेड हिरवा पडतो, ओकच्या फांद्यांवर शेवाळाचे जाडजूड कोट, बुंध्यांशी नेच्याची रानं, आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर ओल्या मातीचा तो वास, जो आपल्याला वाटतं फक्त आपल्याकडेच येतो.

लहान मूल सीटवर बसवून नेणार असाल किंवा नुकतीच सायकल शिकलेलं असेल तर पूर्ण फेरीच्या नादी लागू नका. बोट नको, काही नको, धक्क्यावरून याच सपाट तुकड्यावर दोनतीन किलोमीटर जा, पाण्याकाठी डबा खा, परत या. नाहीतर जवळच कॅलेंडर गावातून लॉक लुबनेगच्या काठानं जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, १९६५ ला ती लाइन बंद पडली आणि आता तिच्यावरून सायकली जातात. आगगाडीला चढ चालत नाहीत त्यामुळे रुळांचा जो भाग आहे तो मस्त सपाट, पण स्ट्रॅथायर गावापर्यंत पुढे जायचं तर मधे चढ आहे. तिथं मी एकदाच गेलोय, पावसात, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही.

चिलटं. इकडे त्यांना मिज म्हणतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, वारा पडला आणि ढगाळ असलं की ढगांनी येतात आणि चावतात, नुसती गुणगुणत नाहीत. सायकल चालू आहे तोपर्यंत काही होत नाही, थांबलं की केसांत, कानांत, भुवयांत. माझी चेन तिसऱ्यांदा उतरली ती नेमकी चढावरच्या झाडीत. एका हातानं चेन, दुसऱ्या हातानं चेहरा, त्या चेहऱ्यावर ग्रीस, आणि कन्या फोटो काढतेय. ओडोमॉस नेलं होतं, त्यांना बहुतेक आवडलं. डोक्यावरून घालायची जाळी मिळते, गबाळी दिसते, तरी घ्या.

बरोबर घ्यायचं म्हणजे पाण्याच्या बाटल्या, पंक्चर किट, ओले रुमाल, पातळ रेनकोट, आणि नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून. रस्ता चुकायची भीती नाही, एकच आहे, पण "अजून किती राहिलं" हे दर दहा मिनिटांनी विचारणारं कुणी बरोबर असेल तर उत्तर द्यायला लागतं. आमच्याकडे ते विचारणारी कन्या नव्हती, बायको होती.

पावणेपाचला धक्क्यावर पोचलो. बाबांनी सायकल परत देताना त्या पोराला बॅटरी किती उरली विचारलं, त्यानं बघून सांगितलं निम्म्याच्या थोडी खाली. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "निम्मी उरलीय म्हणजे परत तिकडं जाता आलं असतं." मी घाटाची पहिली वळणं घेत होतो, मागे कन्या आवळा सुपारी मागत होती. आई पुढच्या महिन्यात येतेय, ती सायकलवर बसणार नाही म्हणते, तिला बोटीचं जाऊन येऊन तिकीट काढलंय आणि बाबांनी स्वतःसाठी परत लुना बुक करायला सांगितलीय.